दातांच्या खर्चासाठी वेगळा विमा घ्यावा का? जुनी पॉलिसी सोडण्याचा सल्ला मिळाला आहे

आगरवाली, गुहागर

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घरचे आगर आहे, त्याला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत आणि मोसमात आमसुलांचे व कोकम आगळाचे काम चालते. माझे वय ५८ आणि यजमानांचे ६३. नोकरी दोघांनीही कधी केली नाही, त्यामुळे निवृत्तिवेतन किंवा कार्यालयाकडून मिळणारा औषधोपचार आमच्या वाट्याला आलेला नाही. दोघांच्या नावे ५ लाख रुपयांची आरोग्य विमा पॉलिसी मात्र गेली नऊ वर्षे एकही हप्ता न चुकवता चालू ठेवली आहे.

मागच्या महिन्यात रात्रीच्या जेवणानंतर यजमानांनी नेहमीप्रमाणे अडकित्त्याने सुपारी कातरली, एक खांड दाढेखाली घेतले आणि कडकन आवाज झाला. आम्हाला वाटले, सुपारी फुटली. सुपारी शाबूत होती, दाढेचा कोपरा गेला होता. दुसऱ्या दिवशी चिपळूण गाठले. डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवला, तेव्हा चीर नसेपर्यंत पोहोचल्याचे आमच्यासारख्यांनाही दिसले. रूट कॅनलचे ४,५०० रुपये आणि वरच्या कॅपचे, तिच्या प्रकारानुसार, ६,००० ते ११,००० रुपये असा अंदाज त्यांनी लिहून दिला आहे. माझ्याही वरच्या दोन दाढा पूर्वी काढलेल्या आहेत. तेथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवण्याचा आकडा ऐकल्यावर मी विषयच बदलला.

आमच्या विमा कंपनीला फोन केला असता दातांचा खर्च पॉलिसीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. हे समजताच ओळखीतील एक एजंट दुसऱ्या कंपनीची योजना घेऊन आले. त्यांच्या म्हणण्यानुसार ही योजना "दातांसकट" आहे. तिचा हप्ता आमच्या सध्याच्या हप्त्यापेक्षा वर्षाला ७,२०० रुपयांनी जास्त आहे. बाह्यरुग्ण उपचारांसाठी वर्षाला १०,००० रुपये मिळतात, त्यांपैकी दातांसाठी ५,००० रुपयांपर्यंत, आणि प्रत्येक बिलातील २० टक्के आपण भरायचे. जुनी पॉलिसी बंद करून ही घ्यावी, करही वाचेल, असा त्यांचा आग्रह आहे. हप्ता भरण्याची तारीख अडीच महिन्यांवर आली आहे.

दातांसाठी चांगली योजना कशी ओळखावी आणि या प्रस्तावाचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

रत्नदुर्ग, रत्नागिरी

ताई, मी सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात दावे तपासण्याचे काम एकतीस वर्षे करून निवृत्त झालो आहे. प्रथम एकच गोष्ट सांगतो आणि ती आजच पाळावी: जुनी पॉलिसी बंद करू नका. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

आपल्याकडील आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी बेतलेला आहे. दात भरणे, रूट कॅनल, कॅप, कवळी ही कामे खुर्चीवर बसून होतात आणि माणूस तासाभरात घरी जातो, म्हणून ती बाह्यरुग्ण उपचारांत मोडतात आणि मूळ पॉलिसीतून वगळलेली असतात. याला अपवाद अपघाताचा. मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी घसरून जबडा मोडला, दात तुटले आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तो खर्च साधारणपणे मूळ पॉलिसीतूनच मिळतो. आपल्या यजमानांची दाढही अचानकच तुटली, मग तो अपघात का नाही, असा प्रश्न मला कामावर असताना अनेकांनी विचारला आहे. पॉलिसीतील अपघाताच्या व्याख्येत घटना आकस्मिक आणि अनपेक्षित तर हवीच, शिवाय ती बाहेरील, दृश्य आणि जोरदार कारणाने घडलेली हवी. स्वतःच्या हाताने कातरलेली सुपारी त्यात बसवणे कठीण आहे, आणि दाखल होण्याचा भाग तर येथे नाहीच.

आता पॉलिसी बदलण्याविषयी. नऊ वर्षांत आपण दोन गोष्टी कमावल्या आहेत, ज्या पावतीवर छापलेल्या नसतात. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात त्यांचा दावा मिळत नाही तो, जो १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा केला गेला, तो आपला केव्हाच संपला आहे. दुसरे असे की सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, अमुक माहिती दिली नव्हती या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. जुनी पॉलिसी बंद करून दुसरीकडे नवा अर्ज केला, तर ही दोन्ही घड्याळे शून्यापासून सुरू होतात. बदलायचेच असेल तर ते 'पोर्टेबिलिटी'च्या, म्हणजे चालू पॉलिसी नव्या कंपनीकडे वर्ग करण्याच्या, मार्गाने करावे म्हणजे जुनी वर्षे धरली जातात, आणि त्यासाठीचा अर्ज हप्त्याच्या तारखेच्या निदान दीड महिना आधी जावा. तरीही वय आणि प्रकृती पाहून नवी कंपनी नकार देऊ शकते. नवीन पॉलिसी हातात पडून तिच्या अटी वाचून होईपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नये. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे एजंट सहसा आपण होऊन सांगत नाहीत.

एजंटकडून रंगीत पत्रक घेऊ नका, 'ग्राहक माहिती पत्रक' मागा. ते दोन-तीन पानांचे असते, त्यात काय मिळते, काय वगळले आहे, एकेका उपचारासाठीची उपमर्यादा किती आणि प्रतीक्षा कालावधी किती, हे ठरावीक नमुन्यात द्यावेच लागते, आणि मागितल्यास ते मराठीतही मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे, म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे त्यानंतरचेच असल्याची खात्री करावी. आयकराबद्दल म्हणाल, तर हप्त्यावरील वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. आपले विवरणपत्र नव्या प्रणालीत जात असेल, तर एजंटच्या त्या वाक्याला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, कारण प्रश्न तोंडाचाच आहे. अर्जात तंबाखूविषयी विचारलेले असते. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका तेथे बिनदिक्कत 'नाही' लिहितात, कारण मशेरी म्हणजे दात घासण्याची वस्तू, असा समज आहे. विमा कंपनीच्या लेखी ती तंबाखूच आहे.

समुद्रपार, मूळ अलिबाग

मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत आहे. येथील माहिती वाचून तिकडे निर्णय घेऊ नये, एवढ्यासाठीच लिहिते. दंतविम्याचे जे व्हिडिओ आणि लेख प्रामुख्याने दिसतात, ते अमेरिकेतील योजनांबद्दल असतात. येथे दातांचा विमा आरोग्य विम्यापासून वेगळा असतो. तपासणी व सफाईचे १०० टक्के, दात भरण्यासारख्या साध्या कामांचे ८० टक्के आणि कॅप किंवा ब्रिजसारख्या मोठ्या कामांचे ५० टक्के, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते आणि वर्षाची कमाल मर्यादा अनेकदा १,००० ते २,००० डॉलर एवढीच असते. त्या मर्यादेत येथील एक रूट कॅनल आणि एक कॅप जेमतेम बसते. माझी आई अलिबागला असते, तिच्या दातांसाठी मी विमा शोधला नाही. वर्षातून दोनदा तपासणीची तारीख तेवढी ठरवून देते.

कर्लीकाठ, कुडाळ

मी कुडाळ परिसरात वीस वर्षे दंतवैद्यक करतो, त्यामुळे माझे मत एका बाजूचे मानले तरी हरकत नाही. रत्नदुर्ग यांनी कायद्याची बाजू सांगितली आहे, मी खुर्चीच्या बाजूने लिहितो.

वहिनी, आपल्याला दिलेल्या प्रस्तावाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. दातांसाठी ५,०००, त्यातील २० टक्के आपले, म्हणजे पूर्ण मर्यादा वापरली तरी कंपनीकडून ४,००० रुपये मिळणार. त्यासाठी दरवर्षी ७,२०० जास्त मोजायचे. उरलेले ५,००० डॉक्टरांची फी, औषधे आणि तपासण्या यांवर खर्च झाले तरच दोन्ही बाजू कशाबशा जुळतात, आणि तेही ती बिले कंपनीने मान्य केली तर. यात कोणाची लबाडी आहे असे नाही. हजारात एखाद्यावर येणारा मोठा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा, यावर विमा चालतो. दातांचा खर्च मात्र पन्नाशीनंतर जवळजवळ प्रत्येकालाच येतो, शिवाय तो कधी करायचा हेही पुष्कळदा आपल्याच हातात असते. दात दुखू लागल्यावर योजना घेणारेच जास्त असल्याने कंपनी मर्यादा लहान ठेवते, प्रतीक्षा कालावधी घालते आणि महागडी कामे वगळते. इम्प्लांट, वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या तारा आणि दात पांढरे करणे ही कामे बहुतेक वेळा वगळलेल्या यादीत सापडतील. पॉलिसीत 'रूट कॅनल' हा शब्द दिसला म्हणून कॅपही त्यात आली, असे समजू नये. रूट कॅनलनंतर दाढ ठिसूळ होते आणि कॅप नसेल तर ती पुन्हा तुटण्याची भीती असते, म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने ते एकच काम आहे. पॉलिसीच्या दृष्टीने ती दोन असू शकतात.

यजमानांची दाढ विम्याची वाट पाहत ठेवू नका. चीर नसेपर्यंत गेली आहे म्हणता. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबेल आणि बरे वाटेल. त्याचा अर्थ नस मेली, एवढाच असतो. पुढे मुळाशी पू धरतो आणि मग दाढ वाचवण्याऐवजी काढण्याचीच वेळ येते. तिची चिठ्ठी मागच्या महिन्यातली आहे, त्यामुळे उद्या घेतलेल्या कोणत्याही योजनेत ती आधीपासूनची तक्रार ठरते. हा खर्च खिशातूनच होणार आहे, हे मान्य करून टाकावे.

खर्च कमी करायचा असेल, तर आपल्याला खेडचे योगिता दंत महाविद्यालय गाठता येईल. अशा ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा जास्त पडतात, पण खर्च कमी येतो. आमच्या सिंधुदुर्गातील लोक त्याच कारणासाठी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जातात. तेथे परराज्यातील रुग्णांसाठीचे दर आधी विचारून निघावे, नाहीतर एसटीचे भाडे फुकट जाते. साधी सफाई किंवा दात काढणे यासाठी जवळच्या शासकीय रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या वारी बसतात, याची चौकशी करावी. कुटुंबात कोणी माजी सैनिक असेल, तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये दातांचे उपचार मिळतात. कोकणात सैन्यातून आलेली घरे कमी नाहीत, तरी पुष्कळांना हे ठाऊक नसते.

ज्यांना 'डेंटल प्लॅन' म्हणून ९९९ रुपयांचे कार्ड विकले जाते, त्यांनीही सावध राहावे. त्यातील बहुतेक कार्डे ठरावीक दवाखान्यांत सवलत देणारी सभासदत्वे असतात. तो विमा नव्हे. विम्याच्या प्रत्येक योजनेला नियामकाने दिलेला एक ओळख क्रमांक असतो आणि तो पॉलिसीवर छापलेला असतो. तो नसेल, तर ते कूपन आहे असे समजून त्याच्या किमतीचा विचार करावा.

सुपारीबद्दल बोललो नाही तर माझे मलाच बरे वाटणार नाही. दाढ तुटली हे एक वेळ परवडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत स्थान दिले आहे. सुपारीने गालाच्या आतील त्वचा ताठर होत जाते आणि तोंड कमी उघडू लागते. यजमानांची तीन बोटे उभी तोंडात जातात का, हे घरीच पाहावे आणि चिपळूणच्या डॉक्टरांना गालाची आतील बाजू मुद्दाम तपासायला सांगावे. तेथे काही निघालेच, तर त्यासाठी लागणारी शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचार हा लाखांचा विषय असतो, आणि तो आपल्या जुन्या ५ लाखांच्या पॉलिसीचा आहे. त्या पॉलिसीला धक्का लावून ५,००० रुपयांचे दंतसंरक्षण घेणे मला पटत नाही.

वाशिष्ठीकर, चिपळूण, सध्या डोंबिवली

डॉक्टरांचा हिशेब बरोबर आहे, परंतु एका परिस्थितीत तो उलटा होतो. नोकरीच्या ठिकाणी सामूहिक विमा असेल आणि त्यात बाह्यरुग्ण उपचारांचा भाग असेल, तर तो जरूर घ्यावा. आमच्या कार्यालयात वर्षाला १,८०० रुपये पगारातून जातात आणि आई-वडिलांसह दातांसाठी ८,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो, आधीपासूनच्या तक्रारींसकट. सामूहिक योजनेत धडधाकट तरुणांची संख्या मोठी असल्यामुळे हे परवडत असावे. मात्र नोकरी सुटली की हे संरक्षणही सुटते, म्हणून त्याच्या भरवशावर घरची पॉलिसी बंद करू नये.

तरीही पैसे हातात येईपर्यंत काय होते, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी आलो असताना वडिलांची खालची उजवी दाढ दुखू लागली आणि तेथेच रूट कॅनल करून घेतले. डॉक्टरांनी त्यांच्या नावाच्या चिठ्ठीवर 'दातांचे उपचार, रु. ५,५०० मिळाले' असे लिहून सही केली. दावा परत आला. कोणता दात, कोणत्या तारखांना काय केले, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कोठे आहे, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे कोठे आहे, असे चार प्रश्न त्यासोबत आले. मी पुन्हा गावी गेलो तो थेट गणपतीत. डॉक्टरांनी विनातक्रार नवे बिल करून दिले, त्यात दाढेचा क्रमांक ४६ लिहिला, तिन्ही खेपांच्या तारखा लिहिल्या, पण तोवर कागदपत्रे देण्याची मुदत उलटून गेली होती. पुढे कंपनीशी पत्रव्यवहार करून निम्मी रक्कम मिळाली. तेव्हापासून खुर्चीवरून उठण्याआधी बिल वाचून घेतो. दाताचा क्रमांक, तारखा, नोंदणी क्रमांक आणि ऑनलाइन भरल्याची पावती असल्याशिवाय दवाखाना सोडत नाही.

डॉक्टरांच्या मताला एक छोटीशी पुस्ती जोडतो. माझे वडील आयुष्यात कधी दात दाखवायला गेले नव्हते. 'विम्यात फुकट आहे' म्हटल्यावर सफाईला गेले आणि दोन किडी वेळेत सापडल्या. विम्याचे हे काम हिशेबात धरता येत नाही.

आगरवाली, गुहागर

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक उत्तर यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. तीन बोटे जातात, पण अगदी सहज नाही, म्हणून येत्या सोमवारी दाढेच्या पहिल्या खेपेलाच गालाची तपासणीही करून घेत आहोत. अडकित्ता सध्या मी उचलून ठेवला आहे.

एजंटांकडे ग्राहक माहिती पत्रक आणि जोडलेल्या दवाखान्यांची यादी मागितली. पत्रक आठ दिवसांनी आले. दातांच्या उपचारांसाठी ९० दिवसांची प्रतीक्षा आहे, आणि वगळलेल्या बाबींत कॅप, ब्रिज, कवळी व इम्प्लांट ही चारही नावे एका ओळीत आहेत. दवाखान्यांच्या यादीत रत्नागिरी जिल्ह्यातील एकही नाव नव्हते. आम्हाला सर्वांत जवळचा दवाखाना कोल्हापुरातील निघाला. दाढ दुखत असताना घाट चढून जायचे आणि पुन्हा उतरायचे, हे काही आमच्याने होणार नाही. जुनी पॉलिसी तशीच चालू ठेवत आहोत. मुलगा ठाण्याला नोकरी करतो, त्याच्या कार्यालयात आई-वडिलांना जोडण्याची खिडकी एप्रिलमध्ये उघडते, हे त्याला स्वतःलाही विचारल्यावरच कळले. योजनेला जाणारे ते ७,२०० रुपये बँकेत दरमहा ६०० प्रमाणे आवर्त ठेवीत टाकायचे ठरवले आहे, त्यातून माझ्या दाढांचे पुढच्या वर्षी पाहू.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. मशेरीचे वाचले आणि मी जुन्या अर्जाची प्रत काढली. नऊ वर्षांपूर्वी अर्ज एजंटनेच भरला होता, मी फक्त सही केली. तंबाखूच्या पुढे 'नाही' आहे. मी लग्नाच्या आधीपासून मशेरी लावते. आता याचे काय करावे?

रत्नदुर्ग, रत्नागिरी

ताई, हे येथे उघडपणे लिहिलेत ते चांगले केलेत, कारण यावर उपाय आहे. आपली ६० महिन्यांची मुदत उलटलेली असल्याने केवळ या कारणावरून कंपनीला उद्या दावा नाकारता येऊ नये. परंतु ज्या अर्जावर आपली सही आहे, त्यातील चूक माहीत झाल्यावर ती तशीच ठेवू नये. कंपनीच्या शाखेला साधे पत्र लिहा: अर्ज भरताना मशेरी ही तंबाखू असल्याचे मला ठाऊक नव्हते, ती मी अमुक वर्षापासून लावते, ही माहिती नोंदवून घ्यावी. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा किंवा ई-मेल करा आणि पोच जपून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी ती नोंद पॉलिसीत आली की नाही, हे पाहा. कंपनीने उत्तर दिले नाही किंवा पुढे कधी यावरून अडवणूक केली, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे, आणि तेथे वकील लागत नाही व शुल्कही पडत नाही.

आणि सोमवारी त्या खुर्चीवर यजमान उतरल्यावर आपणही बसा.